विंचूरहून आणलेला ट्युबा

आमच्या धंद्यात माणसाला नावानं कोणी ओळखत नाही. तो ट्रंपेटवाला, तो ढोलवाला, तो नळी मागं-पुढं करणारा. यातला तिसरा मी. मखमलाबादला आमची फुलशेती. पहाटे झेंडू-शेवंतीचे क्रेट बाजारात टाकायचे आणि संध्याकाळी झालरीचा लाल कोट चढवून वरातीत ट्रॉम्बोन फुंकायचा, यात माझी उमर गेली. लग्नसराई आली की दोन्ही धंदे एकदमच अंगावर येतात. ज्या मांडवाला सकाळी हार दिले त्याच मांडवापुढे संध्याकाळी वाजवायला उभा, असं कितीदा झालंय. एका लग्नात नवरीच्या मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, भाऊ, तुमचा जुळा भाऊ फुलं विकतो का हो? मी म्हटलं, विकतो, पण त्याला सुराचं काही कळत नाही. त्यांनी ते खरं मानलं आणि दोन जेवणं बांधून दिली, एक माझ्यासाठी अन् एक त्याच्यासाठी.

ज्यांनी वरातीत आजवर फक्त नाचायचंच काम केलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रॉम्बोनला कळा नसतात. त्याला एक लांब सरकती नळी असते. ती हातानं पुढं ढकलली की सूर उतरतो, मागं घेतली की चढतो. कुठं थांबायचं याची नळीवर खूण नसते, सगळा कारभार कानाचा. सूर जरा चढा लागला की हात आपोआप केसभर पुढं जातो, आणि ऐकणाऱ्याला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे ट्रॉम्बोनवाला सहसा बेसूर होत नाही आणि झालाच तर पकडला जात नाही. या गोष्टीचा मला भारी तोरा होता. बँडमधले सगळे वाजवण्याआधी सूर जुळवत बसायचे तेव्हा मी चहा पीत असायचो. माझं म्हणणं, तुम्ही सुरू करा, मी चालता चालता येतो तुमच्यात.

या नळीला पुढं मोकळी जागा लागते, म्हणून ट्रॉम्बोनवाला कायम पहिल्या रांगेत. पहिल्या रांगेची मजा काय सांगू! पोरं तुमच्याकडे बघून नाचतात, बायका गच्चीवरून तुमच्याकडे बोट दाखवतात. जुन्या नाशकातल्या एका अरुंद गल्लीत माझ्या नळीनं नवरदेवाच्या काकांचा फेटा उचलला होता. जोरात पुढं ढकललेली नळी, त्याच क्षणी काका ठुमका मारून वाकलेले, आणि फेटा नळीच्या टोकाला लटकलेला. काका खवळले. फेटा पुन्हा बांधून होईस्तोवर त्यांच्या आवडीचं गाणं वाजवत राहा, ही शिक्षा ठोठावली. फेटा बांधणारा सापडेना, आम्ही तेच गाणं वाजवतोय, वाजवतोय. शेवटी घोडीसुद्धा कंटाळून खाली बसली.

तर अशी माझी ऐट चाललेली असताना गेल्या वर्षी पावसाळ्यात उजवा खांदा धरला. आधी वाटलं क्रेट उचलून दुखतोय. मग दिवाळी होईस्तोवर हात पुढं जायचाच बंद झाला. कोपरापर्यंत ठीक, त्यापुढं जणू कुणी मागून बाही ओढून धरलीय. डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय, व्यायाम करा, हळूहळू सुटेल, पण नळी पुढं-मागं करण्याचं काम आता विसरा. मी घरी आलो, ट्रॉम्बोन मांडीवर घेतला आणि रडलो. लाज कसली सांगायला? बायको वाती वळत बसली होती. तिनं वाती बाजूला ठेवल्या आणि शेजारी येऊन बसली.

आमचे बँडमास्तर माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांच्या वडिलांनी मला वाजवायला शिकवलं, म्हणून ते मला दादा म्हणतात आणि मी त्यांना मास्तर. त्याच दिवशी ते घरी आले, खांद्याची चौकशी केली, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "दादा, ट्युबाला हात लांब करावा लागत नाही."

ट्युबा म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं, पोटाशी धरायचं, आभाळाकडे तोंड असलेलं पितळी वाद्य. आमच्यात त्याला सरळ बेस म्हणतात. तो गाणं वाजवत नाही. गाण्याच्या खाली 'धुम्, धुम्' अशी चाल देत राहतो. आमचा बेसवाला दिवाळीआधीच लेकीकडे सुरतेला कायमचा निघून गेला होता आणि त्याच्यावाचून बँड पोकळ वाजत होता. मास्तरांनी माझ्यापुढं सगळं स्वच्छ ठेवलं. आमच्याकडे वाद्य ज्याचं त्याचं. तुळशीचं लग्न झालं की पहिली वरात होती, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. तोवर स्वतःचा ट्युबा घेऊन मी उभा राहिलो तर जागा माझी. नाहीतर मालेगावचा एक बेसवाला रोज फोन करत होता, त्याला होकार द्यावा लागणार. मास्तरांच्या तोंडावरून दिसत होतं की हे बोलणं त्यांना जड जातंय. पण बँड चालवायचा म्हणजे रिकामी जागा किती दिवस ठेवणार?

आता गंमत बघा. तासापूर्वी रडणारा मी, मास्तरांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत नाचायला लागलो. कारण मला एक हिशेब सुचला होता. ट्रॉम्बोनच्या नळीला थांबायच्या सात जागा असतात. ट्युबाला तीन कळा. ट्युबा जर माझ्या ट्रॉम्बोनच्याच पट्टीचा घेतला, तर माझी प्रत्येक जागा म्हणजे कळांची एकेक जोडणी. नळी पूर्ण आत, तर एकही कळ दाबायची नाही. नळी जरा पुढं, तर मधली कळ. अजून पुढं, तर पहिली. म्हणजे नवं काही शिकायचंच नाही, हातातलं ज्ञान बोटांत उतरवायचं! मला इतका आनंद झाला की मी स्कूटरच्या हँडलवर बोटं वाजवत बाजारात गेलो. खुरप्याच्या मुठीवर वाजवलं, क्रेटच्या कडेवर वाजवलं. शेवटी बायको म्हणाली, अहो, भाकरी मोडताना तरी बोटांना सुट्टी द्या.

पहिल्यांदा नाशिकमधल्या एका दुकानात गेलो. नवाकोरा ट्युबा, त्यात आपलं तोंड दिसेल असा लखलखीत. मी ट्रॉम्बोनच्या सवयीनं छाती भरून जोरात फुंकलं. ट्रॉम्बोनला हवा बारीक आणि वेगात लागते. ट्युबाला लागते सावकाश, गरम, भरपूर, आरशावर वाफ धरावी तशी. हे मला कुठं ठाऊक? चार फुंकांत डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी ट्युबासकट गल्ल्यावर रेललो. दुकानदारानं गूळ-पाणी दिलं. म्हणाला, काका, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं, पण बहुतेक जण आधी बसून घेतात. तो ट्युबा मात्र वेगळ्या पट्टीचा निघाला. तो घेतला असता तर माझा बोटांचा सगळा हिशेब कोलमडला असता, आणि नव्यानं शिकायला वेळ नव्हता. एखाद्या ट्रॉम्बोनवाल्याला पहिला ट्युबा घ्यायचा असेल तर माझा हा सल्ला फुकट घ्या, आधी पट्टी विचारा, मग चकाकी बघा.

मग फुलबाजारात बातमी लागली. कांद्याच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर माझ्याकडून गाडीला हार घेतो. तो म्हणाला, विंचूरला रंगनाथ आप्पा म्हणून म्हातारे आहेत, त्यांचा स्वतःचा बँड होता, बंद पडून जमाना झाला, पण बेस अजून घरात आहे. मी क्रेट उतरवले आणि तसाच पिकअप घेऊन विंचूरला निघालो. गिअर डाव्या हाताला असतो हे माझ्या खांद्याचं नशीब.

आप्पा ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, मिशा पांढऱ्याशुभ्र, आणि खालचा ओठ अजून बेसवाल्याचा, जाड आणि भक्कम. ट्युबा आत खाटेवर गोधडीत गुंडाळलेला. त्यांनी गोधडी बाजूला केली आणि मी बघतच राहिलो. काळसर पितळ, पोटावर दोन पोचे, पण कळा लोण्यासारख्या चालत होत्या. पट्टी माझीच! मला तर तिथल्या तिथं त्याला उचलून पळावंसं वाटलं.

पण इथं विकणारा घेणाऱ्याची परीक्षा घेणार होता. आप्पा म्हणाले, घाल गळ्यात, त्या लिंबापर्यंत चालत जा अन् वाजवत ये. मी गेलो. ट्रॉम्बोनवाला तो, मोकळी जागा दिसली की नक्षी काढणारच. येताना चार हरकती, दोन मुरक्या घेतल्या. आप्पांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, हे तू मला दाखवतोयस. वरातीत तुझ्याकडं कुणी बघणार नाय. लोकाच्या पायाखाली वाजव. मी पुन्हा गेलो. या वेळी दोनच सूर, पावलागणिक एक. लिंबाला वळसा घालून येताना पाहिलं तर आप्पा डोळे मिटून मांडीवर हात आपटत होते. ओट्यावर भांडी घासणारी त्यांची सूनही त्याच तालात घासत होती.

किंमत काय ठरली ते आमच्या दोघांतच राहू दे. मात्र आप्पांची एक अट होती, आणि ती त्यांनी माझा हात हातात धरून सांगितली.

"मोडवाले लय आले. कापून वजनावर घेतो म्हणायचे. मी दाराबाहेरूनच घालवले. तू शब्द दे, याला कापणार नाय."

मी शब्द दिला. त्यात अवघड काय होतं? परत येताना पिकअपमध्ये क्रेटमधला उरलेला झेंडू अंथरला आणि त्यावर ट्युबा ठेवला. घरी बायकोनं त्याच्या भोंग्याला हळदकुंकू लावलं, हार घातला. शेजारपाजारचे बघायला आले. एकानं विचारलं, याच्यात पाणी किती लिटर बसतं? मी कुणाशीही भांडायच्या मनःस्थितीत नव्हतो, इतका खूश होतो.

पंचवटीत मास्तरांच्या घरामागं पत्र्याची एक लांब खोली आहे, तिथं आमची तालीम असते. मी गळ्यात ट्युबा घालून आत शिरलो आणि सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. मास्तर हसले. सतीश आमचा कीबोर्डवाला. अलीकडे सगळ्याच बँडमध्ये गाडीवर कीबोर्ड असतो आणि बाकीचे त्याच्याशी सूर जुळवतात. सतीशनं सा धरला. मी वाफ धरल्यासारखी सावकाश हवा सोडली आणि माझा सा लावला.

खोलीत असा काही आवाज झाला की ढोलवाल्यानं कानावर हात ठेवला. सतीशचा सा एकीकडे, माझा सा त्याच्या थोडा वर. थोडाच, पण तो थोडा असा की दोन्ही सूर एकमेकांना चावत होते. मी सूर जुळवायची नळी बाहेर ओढली. ट्युबालाही अशी एक छोटी नळी असते, जरासं कमी-जास्त करायला. अजून ओढली. अजून ओढली, तर ती हातातच आली आणि फरशीवर खणकन पडली. तरी सूर चढाच. सतीश भला माणूस, म्हणाला, काका, मी कीबोर्ड वर चढवतो. त्याला बटण असतं. पण ट्रंपेट, क्लॅरिनेट यांना कुठं बटण? ते कुठून चढणार? ओठ सैल सोडून मी सूर ओढूनताणून खाली आणला. एका गाण्यात ओठ सुजले. अख्खी वरात तसं वाजवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या काळी बँडची वाद्यं आजच्यापेक्षा चढ्या सुराची बनायची, मास्तरांच्या वडिलांनी हे मला सांगितलंही होतं. आप्पांचा ट्युबा त्या काळातला. दुसऱ्या कुणीही विंचूरला जाताना सूर तपासायचं साधन नेलं असतं, निदान मोबाईलवर तंबोरा लावला असता. मी? मी जन्मात कधी वाजवण्याआधी सूर तपासला नव्हता. माझ्या लेखी सुरात येणं ही चालता चालता करायची गोष्ट. नळी होती तेव्हा ते खपलं. आता नळी नव्हती.

मास्तर मला बाहेर घेऊन गेले. त्यांचा आवाज खाली गेला होता. म्हणाले, रविवारी वरात आहे, शनिवारपर्यंत बघू, त्यापुढं मला मालेगावला होकार द्यावाच लागेल. मी मान हलवली. आतून क्लॅरिनेटवाला सांगत होता, मालेगावला सलीमभाई म्हणून कारागीर आहे, असली जुनी वाद्यं कापून-जोडून सुरात आणून देतो. 'कापून' हा शब्द मी ऐकला आणि मला आप्पांचा हात आठवला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, आप्पांना कळणार कसं? ते विंचूरला, मी इथं. सलीमभाईंकडे नेतो, दोन दिवसांत होऊन जाईल. ती कळ्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, शब्द विंचूरला दिलाय ना, मग आधी विंचूरला जा. मालेगाव काय, तिथून पुढंच आहे. मी रात्रभर कूस बदलत होतो. एकीकडे वाटायचं, माझं आयुष्य या रांगेत गेलंय, शब्दापायी घरी बसू? दुसरीकडे खाटेवरची ती गोधडी दिसायची. सकाळी सलीमभाईंना फोन केला तर ते म्हणाले, शुक्रवारीच या, इतर दिवशी आमच्या गल्लीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही.

शुक्रवारी ट्युबा घेऊन विंचूरच्या ओसरीसमोर उभा राहिलो. सांगितलं सगळं. म्हटलं, आप्पा, हा चढा आहे. आमच्यात बसत नाही. कापावा लागेल म्हणतात. तुमची परवानगी नसेल तर हा राहिला, मी जातो. आप्पांनी उठून ट्युबाच्या पोटावर हात ठेवला. मला वाटलं, आता रागावतील.

"आमचा सगळाच संच या सुराचा होता," ते म्हणाले. "ट्रंपेटं गेली, क्लॅरिनेटं गेली. ह्यो चुकीचा नाय रं. एकटा पडलाय."

मग त्यांनी सुनेला टोपी मागितली. म्हणाले, चल, मी बी येतो. कापायचाच असंल तर माझ्यासमोर कापू दे. ऐंशी पार केलेला माणूस पिकअपमध्ये चढला आणि ट्युबाचं पोट मांडीवर घेऊन बसला. मागं ठेवू का विचारलं तर नुसतं माझ्याकडे बघितलं. लासलगाव गेलं, चांदवड गेलं, आग्रा रोडला ट्रकांच्या रांगा लागल्या, आप्पांनी ट्युबावरचे हात काढले नाहीत.

मालेगावात शुक्रवारी लूम बंद. इतर वेळी जिथं भिंती हादरतात ती गल्ली शांत पहुडलेली. सलीमभाई नमाज पढून आले आणि त्यांनी दुकानाची फळी उचलली. एरवी ते लूमचे सुटे भाग दुरुस्त करतात, बाजे हा त्यांचा शौक. त्यांनी ट्युबाला तीनदा उलटा-सुलटा केला, बोटानं टिचकी मारून बघितलं आणि विचारलं, काय करायचंय? मी म्हटलं, कापावा लागेल ना?

सलीमभाई माझ्याकडे असे बघायला लागले की मी वेडा आहे की काय. "आप ट्रॉम्बोनवाले ना? जिंदगीभर नळी लांबवून सूर उतरवलात, आणि आता मला विचारता कापायचं का?"

मी कपाळावर हात मारला. अहो, नळी लांब केली की सूर उतरतो! हे मला कुणी शिकवायचं? माझा उजवा खांदा याच कामात गेला! भीतीनं माणसाचं डोकं कसं बंद पडतं बघा. सलीमभाईंनी समजावलं. ट्युबाच्या ज्या नळ्या ओढून निघतात, सूर जुळवायची एक आणि तीन कळांच्या तीन, तेवढ्याच काढायच्या. त्यांच्या जागी जरा लांब अशा नव्या बसवायच्या. जुन्या जशाच्या तशा काढून ठेवायच्या. ट्युबाला ओरखडासुद्धा उमटणार नाही. मी वळून बघितलं तर आप्पा पहिल्यांदा हसले होते.

ते काम बघताना मला पोरासारखी मजा आली. सरळ नळीत वितळलेली राळ ओतायची, ती थंड होऊ द्यायची, मग नळी गोल वाकवायची. आत राळ असली की पितळ चेपत नाही. मग गरम करून राळ ओघळून काढायची. राळेच्या वासानं दुकान भरून गेलं. पहिली नळी वाकवताना तडकली. सलीमभाईंनी ती शांतपणे कोपऱ्यात टाकली आणि दुसरी घेतली. माझा जीव मात्र वरखाली होत होता, कारण दिवस कलला होता आणि दुसरा दिवस शनिवार होता. आप्पा स्टुलावर बसून प्रत्येक जोड डोळ्यांजवळ नेऊन बघत होते आणि सलीमभाई निमूट बघू देत होते.

चारही नळ्या बसल्या. सलीमभाईंनी मोबाईलवर तंबोऱ्याचा सा लावला. मी पुढं होऊन ट्युबा घेणार तेवढ्यात त्यांनी माझा हात अडवला. म्हणाले, तुम्ही नाही. ट्रॉम्बोनवाल्याचा भरवसा नसतो, त्याचा ओठ सूर चोरतो. चढा असला तरी तुम्ही नकळत खाली ओढाल आणि म्हणाल जुळला. खरं होतं ते, आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं? मग कोण वाजवणार? सलीमभाईंनी आप्पांकडे बघितलं.

आप्पांनी कवळी काढून रुमालात बांधली. ट्युबा मांडीवर घेतला. किती वर्षांनी फुंकत होते कुणास ठाऊक. आधी नुसती हवा आली. दुसऱ्यांदा एक खरखर. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि तो सूर आला, जाड, गोल, हळू. मोबाईलमधला तंबोरा आणि तो सूर असे एकमेकांत मिसळले की मोबाईल बंद पडला की काय असं मला क्षणभर वाटलं. श्वास संपेपर्यंत आप्पांनी तो सूर धरला. मग ट्युबा खाली घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"उतरला," ते म्हणाले. "मिसळला बघ."

मीही डोळे पुसले. सलीमभाई विनाकारण हत्यारं आवरायला लागले. जुन्या चार नळ्या आप्पांनी पिशवीत घालून घेतल्या. विंचूरला उतरताना त्यांनी मला एकच गोष्ट मागितली, रविवारी फोन चालू ठेवून वाजव, मला ऐकू दे.

शनिवारी तालमीत सतीशनं सा धरला, मी सा लावला, आणि कुणीच काही बोललं नाही. सगळ्यांनी नुसतं वाजवायला सुरुवात केली. आमच्यात याहून मोठी पावती नसते. मास्तरांनी काठी उचलली तेव्हा त्यांचा चेहरा मी मुद्दाम बघितला, कपाळावरची आठी गेली होती.

रविवारी गंगापूर रोडला नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. मी कोटाच्या वरच्या खिशात फोन चालू करून ठेवला आणि शेवटच्या रांगेत उभा राहिलो. खरं सांगतो, सुरुवातीला वाईट वाटलं. पुढं पोरं नाचतायत, बायका बोटं दाखवतायत, आणि माझ्यासमोर ट्रंपेटवाल्यांच्या पाठी. सवयीनं उजवा हात एकदा पुढं जायला निघाला आणि कळेवरून घसरला. मग मी खाली बघितलं. नाचणाऱ्यांचे पाय दिसत होते. बूट, चपला, पैंजण, एक अनवाणी आजी. मी धुम् म्हटलं की ते सगळे पाय जमिनीला टेकत होते. मी जरा रेंगाळलो तर ते रेंगाळत होते. अरे, एवढी ताकद मला पहिल्या रांगेत कधीच मिळाली नव्हती! मी असा फुललो की मारुतीचं देऊळ कधी आलं ते कळलं नाही.

देवळाबाहेर मास्तर माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, दादा, मालेगावच्या बेसवाल्याला मी नको म्हणून कळवलं. आणि पुढच्या वरातीची वेळ सांगून निघून गेले.

मी खिशातून फोन काढला. चालूच होता. कानाला लावून विचारलं, आप्पा, ऐकलंत का?

पलीकडून आवाज आला. ट्रंपेट ऐकलं म्हणाले, ढोल ऐकला, पोरांच्या शिट्ट्या ऐकल्या, एक गाडीचा हॉर्न ऐकला. तुझा बेस काय ऐकू आला नाय. मी घाईघाईनं सांगायला लागलो, आप्पा, मोबाईलचा स्पीकर एवढासा, त्याला इतके खालचे सूर पेलतच नाहीत, त्यात माझी काही—

"आरं ऐकून तर घे," आप्पा म्हणाले. "बेस नाय ऐकू आला. पण बाकीची सगळी एका पावलात चालली होती, एकबी पुढं पळालं नाय. मी हितं बसून समजलो, मागं कुणीतरी हाय."